पॅड आधी, कंपाउंड नंतर

गडद रंगाच्या बॉनेटवर टॉर्च धरला की दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. म्हणजे रंगावर वर्तुळं कुणी काढलेली नाहीत. तिथे आहेत ते हजारो बारीक ओरखडे, वाटेल त्या दिशेने गेलेले. बहुतेक गाडी धुताना आणि पुसताना फडक्यात अडकलेल्या कणांनी पाडलेले. त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि डोळा त्यांची गोल रेषा जुळवतो. हे आधी नीट समजून घ्यावं, कारण पेंट करेक्शनमध्ये, म्हणजे मशीनने रंगावरचे ओरखडे घालवण्याच्या कामात, ओरखडा उचलून बाहेर काढता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. जे जातं ते कायमचं जातं.

आणि जाण्यासारखं फार नसतं. कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्यांवर क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्याखालचे बेस कोट (खरा रंग), प्रायमर आणि ई-कोट (पत्र्यावरचा गंजरोधक थर) धरून सगळे थर मिळून 90 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतात. धुण्यातून पडलेली जाळी सहसा एखाद-दोन मायक्रॉन खोल, वाईट असली तर आणखी थोडी. चांगला कट देणारा, म्हणजे जोरात कापणारा, एक टप्पा दोन-चार मायक्रॉन सहज उतरवतो, फिनिशिंगचा, म्हणजे शेवटच्या चकाकीचा, टप्पा एकापेक्षाही कमी. अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचं रक्षण करणारे घटक याच थरात असतात, त्यामुळे तो पातळ झाला की आज चकाकणारी गाडी काही वर्षांनी उन्हात फिकी पडू लागते किंवा तिचा क्लिअर कोट सालपटासारखा सुटतो. म्हणूनच मशीनला लावायचा पॅड आणि त्यावर घ्यायचं कंपाउंड (घासणाऱ्या बारीक कणांचं द्रव) निवडताना माझा पहिला प्रश्न ‘किती जोरात कापेल’ हा नसतो. ‘किती कमी कापून भागेल’ हा असतो.

इथे जाडी मोजणाऱ्या गेजबद्दल थोडं सांगायला हवं. नेहमीचा गेज पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतो, क्लिअर कोटची वेगळी नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर तो चालतच नाही. शिवाय साध्या गेजच्या आकड्यात दोन-तीन मायक्रॉनची चूक असू शकते, म्हणून ‘आधी 118, नंतर 116’ यावरून नेमकं किती गेलं ते ठरवणं धाडसाचं. गेजचा खरा उपयोग गाडीचा नकाशा कळण्यासाठी. सगळे पॅनल 110 ते 125 दाखवतात आणि एक दार 240 दाखवतं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. एखादाच पॅनल बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीसने कमी भरत असेल तर तिथे आधी कुणीतरी भरपूर बफिंग करून गेलं आहे असं समजावं आणि फिनिशिंगपलीकडे जाऊ नये.

आता मूळ प्रश्न. कोणतं कंपाउंड चांगलं, हे लोक आधी विचारतात. पॅड जो हाती लागेल तो. मला हा क्रम उलटा वाटतो. कंपाउंडमधले कण स्वतःहून काही करत नाहीत. त्यांना क्लिअर कोटवर दाबून धरणारं आणि फिरवणारं कुणीतरी लागतं, ते काम पॅडचं. तेच द्रव मऊ फोमवर घेतलं तर हलकी चकाकी देईल आणि मायक्रोफायबर पॅडवर घेतलं तर खोल जाळी उतरवेल. तुमच्याकडे चार पॅड आणि दोन बाटल्या असतील तर बहुतेक गाड्या निभतात. चार बाटल्या आणि एकच पॅड असेल तर अडतं.

पॅडची मुख्य कुळं तीन. लोकरीचा पॅड सगळ्यांत वेगाने कापतो, कारण त्याचे धागे स्वतःच घासतात. धाग्यांमधून हवा खेळत असल्यामुळे तो फोमपेक्षा थंडही राहतो. रोटरी मशीनवर (जे पॅड नुसता गोल फिरवतं) त्याचं काम जबरदस्त, पण मागे होलोग्राम ठेवतो: उन्हात पाहिलं की पॅडच्या वाटेने लाटांसारख्या सावल्या दिसतात. त्यामुळे लोकरीनंतर फोमचा एक टप्पा धरूनच चालावं. ड्युअल ॲक्शन मशीनसाठी (जे पॅड फिरवता फिरवता डोलवतंही) आखूड धाग्यांचे लोकरी पॅडही मिळतात. कडक क्लिअर कोटवर ते फार उपयोगी पडतात आणि मायक्रोफायबरपेक्षा कमी तापतात.

मायक्रोफायबर पॅड म्हणजे पातळ फोमवर चिकटवलेले आखूड तंतू. ड्युअल ॲक्शन मशीनला खरा कट यानेच मिळतो. पण त्याच्या अटी आहेत. तंतूंच्या मुळाशी जुना रंग आणि वाळलेलं कंपाउंड साचत जातं, आणि दोन-तीन भाग झाले की तंतू गुठळ्या होऊन चिकटतात. अशा पॅडने कापलं जात नाही, नुसतं खरवडलं जातं. म्हणून दर भागानंतर ब्रश किंवा दाबाची हवा मारून तंतू उभे करणं सक्तीचं. मऊ क्लिअर कोटवर हा पॅड हमखास धूसर पट्टा सोडतो. तो पुढच्या टप्प्यात निघतो, पण टप्पा एक वाढला हे विसरू नये.

फोममध्ये कडकपणा आणि छिद्रांचा आकार या दोन गोष्टी पाहायच्या. मोठ्या उघड्या छिद्रांचा कडक फोम कापतो आणि हवा खेळवतो. बारीक छिद्रांचा मऊ फोम दाब पसरवून देतो आणि फिनिश करतो. बोटांनी दाबून, दोन पॅड शेजारी धरून हे कळतं. रंगावरून मात्र कळत नाही, कारण रंगांना कुठलाही सर्वमान्य नियम नाही. रूपेसच्या फोममध्ये निळा सगळ्यांत कडक, मग हिरवा, मग पिवळा आणि शेवटी पांढरा सर्वांत मऊ. लेक कंट्रीच्या नेहमीच्या मालिकेत पिवळा कापणारा, नारिंगी त्याखालचा, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. म्हणजे एका कंपनीचा पिवळा शेवटच्या टप्प्यांतला आणि दुसरीचा पिवळा पहिल्या. ‘पिवळा पॅड वापरा’ हा सल्ला कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय धोक्याचा आहे.

जाडीही पाहावी. जाड, मऊ फोम मशीनची हालचाल स्वतःच गिळून टाकतो: बॅकिंग प्लेट (मशीनची चकती, जिला पॅड चिकटतो) हलते, पण पॅडचं तोंड जागच्या जागी थरथरतं. 15 किंवा 21 मिलिमीटर थ्रोच्या (म्हणजे पॅड तेवढा डोलवणाऱ्या) मशीनवर पातळ पॅड जास्त काम देतात. मात्र फुगीर फेंडरवर थोडा जाड पॅड वळणाला धरून चालतो. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा थोडा मोठा हवाच: 125 मिलिमीटरच्या प्लेटला 130 ते 150 मिलिमीटरचा. प्लेटची कड बाहेर आली तर एका क्षणात रंगावर चीर पडते. पिलर, आरशांचा भाग, बंपरचे कोपरे यांच्यासाठी 75 मिलिमीटरची प्लेट आणि तिला साजेसे छोटे पॅड वेगळे ठेवावेत. मोठ्या पॅडच्या एका कडेने तिथे काम उरकू पाहिलं की ताप एका बिंदूवर जमतो.

बाटल्यांकडे वळू. आजच्या बहुतेक कंपाउंडमधला कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. फरक पडतो तो कणांच्या आकारात, त्यांच्या सारखेपणात आणि त्यांना वाहून नेणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणात. काही कंपाउंडचे कण काम करता करता फुटून बारीक होतात: सुरुवातीला कापतात, शेवटी चकाकी देतात. मेन्झर्नाची बरीच पॉलिश (सहसा बारीक कणांची कंपाउंड) या जातीची. ती अर्ध्यावर पुसली तर कण अजून जाडच असतात आणि पृष्ठभाग धूसर राहतो. फेरी पूर्ण करावी लागते. दुसऱ्या जातीचे कण आकार बदलत नाहीत. मेगुआयर्सच्या एम 105 आणि एम 205 ची ही पद्धत. यांत कट किती आणि फिनिश किती हे पॅड, दाब आणि वेळ ठरवतात, आणि वंगण संपलं की थांबावं लागतं. ओलावा गेल्यावर तेच कण कोरडे ओरखडे पाडतात.

बाटलीवरच्या आकड्यांचं रंगांसारखंच आहे. मेन्झर्नाच्या मालिकेत 400 हे जोरदार कापणारं आणि 3800 हे शेवटच्या फिनिशचं. आकडा वाढला की पॉलिश बारीक. कोख केमीकडे एच 9 कापणारं, एफ 6 मधलं आणि एम 3 शेवटचं. तिथे आकडा वाढला की कट वाढतो. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

निवड कागदावर होत नाही, गाडीवर होते. त्यासाठी टेस्ट स्पॉट, म्हणजे छोट्या भागावरची चाचणी. गाडी नीट धुऊन, लोहकण विरघळवणारं द्रव मारून, क्ले (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवून पृष्ठभाग हाताला गुळगुळीत झाल्यावर बॉनेटच्या सपाट भागात, कड आणि उभार सोडून, 45 ते 50 सेंटिमीटरचा चौकोन मास्किंग टेपने आखावा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. सुरुवात मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश या जोडीने करावी. सर्वांत सौम्य जोडीपासून सुरू करायला हरकत नाही, पण मधून सुरुवात केली की कुठल्या दिशेला जायचं ते एकाच प्रयत्नात कळतं.

नवा पॅड आधी तयार करावा लागतो. त्याच्या पूर्ण तोंडावर पॉलिशचा पातळ हात बोटाने चोळावा. कोरडी छिद्रं पहिल्या काही सेकंदांत सुके डाग पाडतात. नंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, बस. पॅड चौकोनावर टेकवून मगच मशीन सुरू करावं, नाहीतर द्रव चहूकडे उडतं. वेग एकवर ठेवून पसरवायचं, मग चार-साडेचारवर नेऊन काम. हात संथ: सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या निम्म्यावर चढली पाहिजे. दोनदा आडवं, दोनदा उभं, म्हणजे चार फेऱ्या. त्यानंतर दाब मशीनच्या वजनाएवढाच ठेवून एखादी हलकी फेरी. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवावी. ती रेघ फिरताना दिसत नसेल तर पॅड फक्त थरथरतो आहे आणि कापणं जवळजवळ बंद आहे. कारण बहुधा दोन असतात: मशीन तिरकं धरलंय किंवा दाब जास्त झालाय. नवशिक्याचा हात अशा वेळी आणखी दाब देतो आणि पॅड पुरताच थांबतो.

पुसायच्या आधी क्षणभर उरलेला थर पाहावा. पातळ, अर्धपारदर्शक, हलक्या हाताने निघणारा थर म्हणजे प्रमाण बरोबर. जाड, तेलकट पट्टे म्हणजे द्रव जास्त. कण रंगावर टेकण्याऐवजी तरंगत राहिले. पांढरी धूळ उडत असेल तर द्रव कमी पडलंय, पॅड फार कोरडा आहे किंवा फेऱ्या लांबल्यात. च्युइंगमसारखे चिकट ठिपके राहिले तर पॅड भरलाय किंवा पृष्ठभाग तापलाय. एवढ्याशा निरीक्षणाने निम्म्या चुका पुढच्या भागात होत नाहीत.

पुसून झालं तरी निकाल लावायची घाई करू नये. पॉलिशमधलं तेल बारीक चरे भरून टाकतं आणि सगळं सुंदर दिसतं. पॅनल वाइपने (तेल काढणाऱ्या द्रवाने) किंवा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते काढल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. अल्कोहोल दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास पुरतं. तीव्र घेतलं तर फडकं अडकत सरकतं आणि मऊ रंगावर त्यानेच नवे चरे पडतात. मग उजेड: एक जवळून टोकदार प्रकाशाचा, एक लांबून तिरका, आणि शक्य असेल तर ऊन. छताच्या ट्यूबलाइटखाली होलोग्राम लपतात, उन्हात दिसतात.

आता जे दिसेल त्यावरून पुढची पायरी. जाळी निम्मीच गेली असेल तर पॉलिश तेच ठेवून पॅड बदलावा: मध्यम फोमच्या जागी कडक फोम, मग मायक्रोफायबर किंवा आखूड लोकर. तरी भागलं नाही तर कंपाउंड बदलावं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी आग्रहाने सांगेन. पॅड, द्रव आणि वेग तिन्ही एकदम बदलले की निकाल सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या पॅनलवर बिघडला तर कुठे हात घालायचा तेही कळत नाही. जाळी पूर्ण गेली पण धूसरपणा राहिला, तर कट पुरेसा आहे. दुसऱ्या टप्प्याला मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश लागेल. जाळी गेली आणि पृष्ठभागही स्वच्छ असेल, तर एका टप्प्यात काम झालं. पांढऱ्या, चंदेरी गाड्यांना पुष्कळदा एवढं पुरतं, कारण त्यांच्यावर तो किरकोळ धूसरपणा डोळ्याला दिसतच नाही. काळ्या गाडीला दुसरा टप्पा धरूनच चालावं.

क्लिअर कोट कडक असतो किंवा मऊ असतो, असं सगळे म्हणतात, पण खरी अडचण काळ्या मऊ रंगावर येते. तिथे जाळी चुटकीसरशी जाते आणि तिच्या जागी पॉलिशिंगचेच अतिसूक्ष्म चरे येतात. टॉर्चभोवती राखाडी धुकं दिसतं. पहिला विचार आणखी बारीक पॉलिश आणण्याचा येतो. त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पॅड धुतलेला, पूर्ण वाळलेला आणि फक्त फिनिशिंगसाठीच राखलेला घ्यावा. आदल्या टप्प्यातल्या कंपाउंडचा अंशही चालत नाही. दाब काढून टाकावा, वेग तीनवर आणावा. आणि पुसण्याचं फडकं तपासावं, कारण अनेकदा ते चरे पॅडचे नसून पुसताना पडलेले असतात. एकाच चौकोनाचा अर्धा भाग नव्याकोऱ्या लांब तंतूंच्या फडक्याने पुसून पाहिला की लगेच उलगडतं. यानंतरही धुकं राहिलं तर द्रव बदलावं. कधी कधी फार मऊ पॅड तिथे चिकटून फरफटतो आणि थोडा कडक फिनिशिंग फोम त्यापेक्षा स्वच्छ चालतो, हेही ध्यानात असावं.

पुन्हा रंगवलेला पॅनल म्हणजे वेगळी गाडी समजावी. वर्कशॉपमधला क्लिअर कोट कारखान्यातल्या कोटपेक्षा बहुधा कमी तापमानात सुकवलेला, पुष्कळदा मऊ आणि जाडीला असमान असतो. बॉनेटवरची जोडी तिथे चालेलच असं नाही. त्याचा टेस्ट स्पॉट स्वतंत्र घ्यावा. ताजा रंग असेल तर रंगवणाऱ्याने सांगितलेली मुदत सरू द्यावी.

ताप हा सगळ्यांत महागात पडणारा विषय. पत्रा उष्णता पसरवतो. प्लास्टिकचा बंपर पसरवत नाही, ती जिथे निर्माण झाली तिथेच साचते. म्हणून बंपरवर लहान भाग, कमी वेग, मधे थांबणं. पॅनलच्या कडा आणि उभारांच्या रेषांवर रंग मुळात पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तेवढ्याशा रेषेवर एकवटतो. क्लिअर कोट जळण्याच्या बहुतेक घटना तिथल्याच. रोटरी असेल तर धोका कितीतरी जास्त, कारण तिथे पॅड अडला तरी मशीन थांबत नाही. तशा कडांवर टेप लावावा आणि शेवटी टेप काढून एक-दोन हलक्या फेऱ्या हाताने किंवा छोट्या पॅडने माराव्यात. हाताला पृष्ठभाग कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल इतका तापला तर थांबावं.

काही ओरखडे मात्र तसेच सोडावेत. नख आडवं फिरवल्यावर अडकत असेल तर तो चर क्लिअर कोटचा मोठा हिस्सा ओलांडून गेला आहे. त्याच्या तळापर्यंत उतरणं म्हणजे भोवतालचा थर संपवणं. त्याच्या कडा थोड्या गोलाकार केल्या तरी तो प्रकाश कमी पकडतो आणि चार पावलांवरून दिसेनासा होतो. गाडीच्या मालकाला हे काम सुरू करण्याआधीच टॉर्च धरून दाखवावं. शंभर टक्के निर्दोष रंगाचं आश्वासन देणाऱ्याने क्लिअर कोटची जाडी लक्षात घेतलेली नसते.

पॅड किती लागतात, याचा अंदाज लोक कमी धरतात. मध्यम गाडीला कापण्याच्या टप्प्यासाठी पाच-सहा आणि फिनिशिंगसाठी तीन-चार पॅड असावेत. फोमचं मधलं वर्तुळ सर्वांत जास्त तापतं. तिथे पॅड बसका झाला, बोटाने दाबल्यावर परत वर येईना, की त्याला विश्रांती द्यावी. ओल्या पॅडने काम रेटू नये, कारण पाण्याने फोम लिबलिबीत होतो आणि कट निम्म्यावर येतो. काम संपताच पॅड कोमट पाण्यात सौम्य क्लीनरने धुवावेत. कंपाउंड छिद्रांत वाळून घट्ट झालं की ते पुन्हा निघत नाही. गरम पाणी, हीटर किंवा कडक ऊन यांनी वेल्क्रोमागचा गोंद सुटतो, म्हणून सावलीत वाळवावेत. दोन डबे वेगळे असावेत, एक कापणाऱ्या पॅडचा, एक फिनिशिंगचा. फिनिशिंगच्या पॅडला एकदा कंपाउंड लागलं की तो कितीही धुतला तरी पहिल्या डब्यात जातो, परत येत नाही.